नाल्यांनी झाकलेला पाऊस

पूर आला की पाऊस वाढला आणि पूर थांबले की पाऊस पूर्वीसारखाच आहे, असा हिशेब आपण नकळत मांडत असतो. शहरातल्या माणसाला पाऊस भेटतो तोच मुळी तुंबलेल्या रस्त्यावर, बंद पडलेल्या गाडीत आणि तळमजल्यात शिरलेल्या पाण्यात. त्यामुळे हवामान बदलल्याने अतिवृष्टी वाढते आहे का, या प्रश्नाचे उत्तरही लोक पुराच्या आठवणींत शोधतात. एक म्हणतो, असे पाणी पूर्वी कधी भरले नव्हते. दुसरा म्हणतो, याहून मोठे पूर आमच्या आजोबांनी पाहिले. दोघेही खरे बोलत असतात, आणि दोघांच्याही पुराव्यावरून पावसाबद्दल फारसे काही सिद्ध होत नाही. पूर घडतो तो जमिनीचा उतार, समुद्राची भरती, नाल्यांची क्षमता, वरचे बांधकाम आणि पाऊस या पाचांच्या संगनमताने. सिंगापूरमधल्या नोव्हेना या भागाचा सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर ही पाच कारणे बऱ्याच अंशी सुटी करता येतात. तसे केल्यावर एक विसंगती समोर येते. ज्या दशकांत इथली पूरग्रस्त जमीन झपाट्याने कमी झाली, नेमक्या त्याच दशकांत धुवाधार पावसाचे तास वाढत गेले. लोकांना त्याचा पत्ता लागला नाही, कारण ती वाढ नाल्यांनी पोटात घेतली होती.

आज नोव्हेना म्हटले की रुग्णालये, मॉल आणि मेट्रोचे स्थानक डोळ्यांसमोर येते. थॉमसन रोडवरच्या सेंट अल्फोन्सस चर्चमध्ये दर शनिवारी होणाऱ्या नोव्हेनाच्या प्रार्थनांवरून भागाला हे नाव पडले. माहीमच्या चर्चमधला बुधवारचा नोव्हेना मुंबईकरांना परिचित असतो, त्याच परंपरेतली ही भक्ती. डिसेंबर १९८७ मध्ये याच नावाचे मेट्रो स्थानक सुरू झाल्यावर ते कायमचे रुजले. प्रशासकीय नकाशात या विभागात बालेस्टियर, डनर्न, माल्कम, मोल्मेन आणि माउंट प्लेझंट हे उपविभाग येतात, आणि पाण्याच्या दृष्टीने हीच खरी ओळख महत्त्वाची आहे. माउंट प्लेझंट, माल्कम हा उंच-सखल टेकड्यांचा भाग. बालेस्टियर हे सपाट, सखल मैदान. एका कडेने डनर्न रोडलगत बुकित तिमाह नाला वाहतो, तर दुसऱ्या बाजूला वाम्पोआ नदी कालांग नदीच्या भेटीला जाते. बुकित तिमाह ही सिंगापूरची सर्वांत उंच टेकडी, तीही जेमतेम १६४ मीटरची. तिच्या परिसरातून निघालेले पाणी न्यूटन ओलांडून रोचोर नाल्यातून कालांगच्या खाडीपात्रात उतरते. वरचा उतार तीव्र, खालचा जवळजवळ सपाट आणि तोंडाशी भरती. पाऊस एका थेंबानेही वाढला नसता, तरी अशा जागी पाणी भरायचेच.

आणि ते भरत होतेच. १८३० च्या दशकात जोसेफ बालेस्टियर हे अमेरिकेचे वाणिज्यदूत इथे आले आणि त्यांनी सुमारे १,००० एकरांवर उसाची लागवड केली. आज त्यांचे नाव लावणारे बालेस्टियर मैदान ते हेच. पॉल रिव्हिअर या अमेरिकन क्रांतिकारकाची कन्या मारिया ही त्यांची पत्नी. तिने १८४३ मध्ये सेंट अँड्र्यूज चर्चला दिलेली घंटा सिंगापूरच्या इतिहासात अजून सांगितली जाते. ऊस मात्र टिकला नाही आणि १८४० च्या दशकाच्या अखेरीस बालेस्टियर कर्जबाजारी होऊन निघून गेले. त्याच काळात बेटाच्या अंतर्भागात चिनी शेतकरी गांबिअर आणि मिरीचे मळे उभे करत होते. गांबिअरचा पाला उकळायला सरपण लागे, त्यासाठी भोवतालचे जंगल तोडले जाई, जमीन थकली की मळा पुढे सरके. १८८३ मध्ये नॅथॅनिएल कँटली यांनी वसाहतीतल्या जंगलांचा अहवाल दिला, तोवर बेटावरचे बरेचसे मूळ अरण्य गेले होते. उघड्या टेकड्यांवरची माती ओढ्यांत आली, पात्रे उथळ झाली. रस्ते आणि भराव यांनी पाण्याच्या जुन्या वाटा अडवल्या. १८२५ ते १८७३ या काळात हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर आलेल्या कैद्यांनी सिंगापूरची अशी पुष्कळ कामे केली. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतून ते आले होते. बुकित तिमाहचा रस्ता, दलदलीवरचे भराव, सार्वजनिक इमारती यांत त्यांचे श्रम आहेत, म्हणजे या पाणलोटाचा आकार बदलण्यात आपल्याकडच्या माणसांचाही हात आहे. या साऱ्या शतकात पूर आले ते जमीन, भरती आणि माणसाची कुऱ्हाड यांमुळे. हवा तापण्याचा त्यात काही भाग नव्हता, हे आधीच मान्य करून टाकले पाहिजे.

त्याच शतकात एक दुसरी नोंदवही उघडली गेली. सिंगापुरात पावसाच्या तुरळक नोंदी १८२० च्या दशकापासून सापडतात, पण सलग नोंद सुरू झाली १८६९ पासून. गंमत अशी की त्या काळच्या जाणकारांना चिंता होती ती पाऊस घटण्याची. जेम्स रिचर्डसन लोगन यांनी १८४८ मध्येच पिनांगच्या डोंगरांवरील जंगलतोडीचा हवामानावर काय परिणाम होईल, यावर लिहिले होते. झाडे गेली की ओलावा जाईल आणि पाऊस रुसेल, असा तेव्हाचा तर्क होता. माणूस हवामान बदलू शकतो ही कल्पना अलीकडची नाही, हे यावरून दिसते. पण लोगन यांच्या तर्काइतकीच महत्त्वाची ठरली ती मोजमापाची सवय. पूर आठवणीत राहतो, पाऊस विसरला जातो. पर्जन्यमापक मात्र पूर आला की नाही याची फिकीर न करता मिलिमीटर लिहून ठेवतो. १८६९ पासूनची ही वही आणि पुरांच्या बातम्यांची वही अशा दोन वेगवेगळ्या वह्या सिंगापूरपाशी आहेत. माझा सगळा युक्तिवाद या दोन वह्या एकत्र न मिसळण्यावर उभा आहे.

विसाव्या शतकात पुरांची वही जाड होत गेली. शहर कालांग आणि रोचोरच्या सखल काठांवरून आत सरकले, मळ्यांच्या जागी वस्त्या आल्या. १९५४ आणि १९६९ चे पूर जुन्या पिढीच्या आठवणीत आहेत. स्वतंत्र सिंगापूरने हाती घेतलेल्या पहिल्या मोठ्या जलनिस्सारण कामांपैकी एक याच नाल्यावरचे होते. १९६६ ते १९७२ या काळात बुकित तिमाहच्या वरच्या भागातले पाणी पश्चिमेकडे उलु पांदान नदीत वळवण्यासाठी कालवा खणला गेला, म्हणजे न्यूटन आणि नोव्हेनाकडे येणारा भार मुळातच कमी व्हावा. १९७२ मध्ये स्वतंत्र जलनिस्सारण विभागही स्थापन झाला. तरीही २ डिसेंबर १९७८ ला पाया लेबार इथे २४ तासांत ५१२.४ मिमी पाऊस कोसळला. त्या पुरात सात जणांचा जीव गेला आणि हजाराहून अधिक लोकांना हलवावे लागले. मग १९८७ ते १९९० या काळात दुसरा वळण कालवा बांधला गेला, आणि तो तर थेट या भागातूनच जातो. डनर्न रोडजवळच्या स्विस कॉटेज इस्टेटपाशी तो बुकित तिमाह नाल्यातले जास्तीचे पाणी उचलतो आणि टेकड्यांखालच्या बोगद्यांतून, जमिनीखालच्या काँक्रीटच्या मोऱ्यांतून कालांग नदीत नेऊन सोडतो. नोव्हेनात फिरणाऱ्या बहुतेकांना आपल्या पायाखालून एक नदीच वळवून नेली आहे याची कल्पना नसते.

असा नाला बांधताना अभियंत्याला आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: किती पावसासाठी बांधायचा? उत्तर जुन्या नोंदींतून येते. अमुक वर्षांतून एकदा पडेल असा पाऊस काढायचा, त्यावरून पाण्याचा लोंढा काढायचा आणि त्याला पुरेल एवढी रुंदी-खोली ठेवायची. सिंगापुरात लहान पाणलोटांतल्या नाल्यांसाठी पूर्वी पाच वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरत. मोठ्या नाल्यांसाठी त्याहून दुर्मीळ पाऊस धरला जाई. या पद्धतीत एक गृहीतक गुपचूप बसलेले असते: काल जसा पाऊस पडत होता तसाच उद्या पडेल. म्हणून प्रत्येक नाला म्हणजे त्या त्या पिढीच्या पावसाबद्दलच्या समजुतीचा काँक्रीटमधला लेख आहे. तो लेख काही काळ अगदी बरोबर ठरला. १९७० च्या दशकात बेटावरची सुमारे ३,२०० हेक्टर जमीन पूरप्रवण मानली जात होती. ती आता ३० हेक्टरांच्या आत आली आहे. २००८ मध्ये मरीना बंधारा सुरू झाल्यावर कालांग, रोचोर आणि वाम्पोआच्या तोंडाशी येणारी भरतीही अडवली गेली. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला तर पंप पाणी समुद्रात उपसतात. म्हणजे पुराच्या पाच कारणांपैकी भरती हे एक बऱ्यापैकी निकालात निघाले आणि नाल्यांची क्षमता कैक पटींनी वाढली. एवढे झाल्यावर नोव्हेनाच्या आसपासचे पुराचे प्रकरण संपायला हवे होते.

इथेच घोडे पेंड खाते. १९ नोव्हेंबर २००९ ला बुकित तिमाह परिसरात थोड्या वेळात इतका पाऊस झाला की नाला काठ ओलांडून रस्त्यावर आला. संबंधित मंत्र्यांनी पन्नास वर्षांतून एकदा येणारा प्रकार असे त्याचे वर्णन केले. वर्ष उलटायच्या आत, १६ जून २०१० ला ऑर्चर्ड रोडसारख्या श्रीमंत बाजारपेठेत पाणी शिरले. सुमारे दोन तासांत १०० मिमी पाऊस पडला होता. पुढच्या महिन्यात आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाणी भरले. लोक चिडले, आणि २०११ मध्ये एक तज्ज्ञ समिती नेमावी लागली. तिने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. पुरांच्या वहीबरोबर पावसाची वहीही उघडली गेली आणि त्यात दिसले ते असे: तासाला ४० मिमीहून जास्त पाऊस पडलेले दिवस १९८० मध्ये वर्षाला सरासरी पाच होते, ते २०१० पर्यंत दहा झाले होते, तासाभरातल्या सर्वाधिक पावसाचे प्रमाण त्याच काळात ९६ मिमीवरून ११७ मिमीवर गेले होते. वर्षभराच्या एकूण पावसातही १९८० ते २०१९ दरम्यान दर दशकाला सरासरी ६७ मिमीची वाढ सिंगापूरच्या हवामान खात्याला आढळली. म्हणजे जी तीन दशके पुरांच्या वहीत यशाची होती, तीच पावसाच्या वहीत वाढीची होती. नाले रुंद होत होते म्हणून पाऊस वाढल्याचे कळले नाही, आणि जेव्हा पावसाने नाल्यांना गाठले तेव्हा ते अचानक घडल्यासारखे वाटले.

यावर पहिला आक्षेप संख्याशास्त्राचा आहे आणि तो वजनदार आहे. पन्नास वर्षांतून एकदा, हे एका ठिकाणाबद्दलचे विधान असते. बेटावर एकमेकांपासून स्वतंत्र असे दहा पाणलोट आहेत असे धरले, तर त्यांपैकी कुठेतरी असा पाऊस सरासरी दर पाच वर्षांनी पडेलच. मग दोन वर्षांत दोन-तीन पूर आले यात नवल ते काय? हा आक्षेप पुराच्या वहीला पूर्णपणे लागू पडतो. म्हणून तर वर दिलेला आधार पुरांच्या संख्येचा नसून जागा न हलवणाऱ्या पर्जन्यमापकांवर मोजलेल्या तासांचा आहे. दुसरा आक्षेप काँक्रीटचा: टेकड्यांवरचे मळे जाऊन बंगले, बंगले जाऊन टॉवर आले, पाणी मुरायला जागा उरली नाही, मग दोष पावसाला का? पुरापुरते हे शंभर टक्के खरे आहे. बांधकामामुळे तेवढ्याच पावसाचे जास्त पाणी आणि तेही लवकर नाल्यात येते. पण काँक्रीट पर्जन्यमापकात पाणी ओतत नाही. तासाला ४० मिमीचे दिवस पाचाचे दहा झाले, हे जमिनीवर काय बांधले यावर अवलंबून नाही. फार तर असे म्हणता येईल की तापलेले शहर आपल्या डोक्यावरचे ढग अधिक चेतवते, आणि शहरी उष्णतेचा असा काही वाटा असणे शक्य आहे. तो वाटा मान्य करूनही वाढ ही पावसातली आहे, नाल्यातली नाही, एवढे उरतेच.

तिसरा आक्षेप १९७८ चा. एका दिवसाच्या पावसाचा विक्रम अजून त्याच वर्षाच्या नावावर असेल, तर अतिवृष्टी वाढली असे कसे म्हणायचे? विक्रम म्हणजे एकच टोकाचा दिवस. कल म्हणजे शेकडो दिवसांची वाटणी. वर्गातला सर्वांत उंच मुलगा दहा वर्षांपूर्वी होऊन गेला असला तरी मुलांची सरासरी उंची वाढलेली असू शकते. शिवाय १९७८ चा पाऊस हा डिसेंबरातल्या ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, तास न् तास चालणारा पाऊस होता. दुसऱ्या प्रकारचे पूर एका दुपारच्या गडगडाटी ढगांतून येतात. १७ एप्रिल २०२१ ला डनर्न रोड आणि उलु पांदान भागात सुमारे तीन तासांत १६० मिमीच्या आसपास पाऊस झाला, म्हणजे एप्रिलच्या महिनाभराच्या सरासरीच्या सुमारे ९० टक्के. ज्या उलु पांदानकडे पन्नास वर्षांपूर्वी पाणी वळवले होते, तिथलाच नाला त्या दिवशी काठ सोडून वाहिला. दिवसाचा विक्रम या घटनेने मोडला नाही, पण नाल्यांना दिवसाचा विक्रम महत्त्वाचा नसतोच. बुकित तिमाहसारख्या लहान पाणलोटात पाणी अर्ध्या-पाऊण तासात तळाशी येते. तिथे निकाल लागतो तो तासाच्या आतल्या पावसावर. वाढीचा पुरावा सर्वांत ठळक आहे तोही नेमका तिथेच.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. तीस-चाळीस वर्षांची नोंद हवामानाच्या मानाने तोकडी असते. एल निनो आणि ला निना यांच्या फेऱ्यांनी सिंगापूरचा पाऊस एका वर्षात कोरडा, दुसऱ्या वर्षात ओला होतो. मोजणी एखाद्या कोरड्या टप्प्यापासून सुरू केली तर चढ आपोआप जास्त दिसतो. फेब्रुवारी २०१४ हा महिना तर १८६९ पासूनच्या नोंदीतला सर्वांत कोरडा ठरला. मग वाढत्या पावसाची गोष्ट कशाला सांगायची? एवढ्याशा बेटावरच्या नोंदीतून नैसर्गिक चढउतार आणि तापमानवाढ यांचे वाटे नेमके पाडता येत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. केवळ सिंगापूरचे आकडे हातात असते, तर निष्कर्ष संशयाचा फायदा देऊन सोडावा लागला असता. पण हे आकडे एकटे नाहीत. एक तर त्यांच्या पाठीशी दीडशे वर्षे जुने भौतिकशास्त्र आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. क्लाउझियस आणि क्लॅपेरॉन यांचे हे समीकरण हवामान बदलाच्या वादाच्या कितीतरी आधीचे आहे. सिंगापूरचे सरासरी तापमान १९४८ पासून दर दशकाला सुमारे पाव अंशाने वाढले आहे आणि भोवतालचा समुद्रही तापतो आहे. बाष्प भरपूर असलेल्या विषुववृत्तीय हवेत ढग उंच चढला की ते जास्तीचे बाष्प एकदम खाली येते. एकूण पाऊस मात्र या गतीने वाढू शकत नाही, कारण जगभरातले बाष्पीभवन आणि पाऊस यांना ऊर्जेचा लगाम असतो. म्हणून पाऊस पडतो तेव्हा जास्त जोराने पडतो आणि मधली कोरडी विश्रांती लांबू शकते. २०१४ ची फेब्रुवारी आणि २०२१ चा एप्रिल हे एकमेकांचे साक्षीदार ठरतात, विरोधक नव्हेत.

दुसरा आधार जगभरातल्या नोंदींचा. २०२१ मधील आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या सहाव्या अहवालानुसार १९५० च्या दशकापासून, पुरेशी नोंद असलेल्या बहुतेक भूभागांवर, जोरदार पावसाचे प्रमाण आणि तीव्रता वाढली आहे. जमिनीवर पूर्वी दहा वर्षांतून एकदा पडणारा एका दिवसाचा मोठा पाऊस, जग एक अंश तापल्यावर १.३ पट वेळा पडू लागला आणि त्याची तीव्रता ६.७ टक्क्यांनी वाढली. दोन अंशांवर तो १.७ पट होईल. ही तीव्रतेतली वाढ आणि वरच्या समीकरणातले सात टक्के जवळजवळ जुळतात, हा योगायोग मानणे कठीण आहे. आपल्याकडचा पुरावाही याच दिशेचा आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दिसले, तेही एकूण मोसमी पाऊस कमी होत असताना.

मुंबईशी तुलना केली की नोव्हेनाच्या इतिहासाचा उपयोग अधिक स्पष्ट होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला आणि त्याच वेळी कुलाब्यात त्याचा दहावा हिस्साही पडला नाही. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कारणांचा शोध घेतला. मिठी नदीचे आक्रसलेले पात्र, तासाला २५ मिमीच्या हिशेबाने आखलेले जुने नाले, भरतीच्या वेळी बंद होणारी तोंडे, आणि १९९३ मध्येच मुंबईच्या जलनिस्सारणावरील ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने सुचवलेली पण रखडलेली कामे, हे सगळे तेव्हा चर्चेत आले. त्यातून दोन तट पडले, आणि ते अजून आहेत. एक तट सगळा दोष महापालिकेवर आणि बिल्डरांवर टाकतो, दुसरा हवामान बदलाचे नाव पुढे करून हात झटकतो. मुंबईत पाचही कारणे एकाच वेळी बिघडत गेल्याने कोणाचा वाटा किती, हे पुराकडे पाहून सांगताच येत नाही. सिंगापूरने त्यांपैकी भरती, नाले आणि अतिक्रमण ही तीन बरीचशी आवाक्यात आणली, म्हणून उरलेले कारण उघडे पडले. नोव्हेनाचे खरे महत्त्व हेच. व्यवस्था चोख असलेल्या शहरातही पाऊस नाल्याला मागे टाकू लागतो, तेव्हा पावसाबद्दलची शंका केवळ नाकर्तेपणाची सबब राहत नाही. आणि याचा उलटा अर्थही तितकाच खरा आहे: चोख व्यवस्थेने अनेक वर्षे वाढता पाऊस पेलला, म्हणून हवामान बदलले की पूर अटळच आहे असे म्हणण्याची सोय मुंबईला नाही.

सिंगापूरने पुढे केलेल्या बदलांतही हीच जाणीव दिसते. लहान नाल्यांसाठी पाचऐवजी दहा वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरण्याचा नियम २०११ मध्ये झाला. जानेवारी २०१४ पासून ०.२ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर बांधकाम करणाऱ्याला जोराच्या पावसाचे पाणी काही वेळ आपल्याच आवारात अडवून धरण्याची सक्ती झाली. २०१८ मध्ये ऑर्चर्ड रोडच्या वरच्या अंगाला ३८,००० घनमीटर पाणी साठवणारी भूमिगत टाकी आणि पाणी वळवणारा कालवा तयार झाला. नाला रुंद करण्याला मर्यादा आहेत, दाट वस्तीत तर जागाच नाही, म्हणून पाणी जिथे पडते तिथे थोपवायचे, वाटेत वळवायचे आणि जिथे पोचते तिथल्या इमारतींचे उंबरे उंच ठेवायचे, अशी तिहेरी रीत आता तिथे रूढ आहे. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या राष्ट्रीय हवामान अभ्यासाने शतकाच्या अखेरीस एप्रिल-मे महिन्यांतला एका दिवसाचा टोकाचा पाऊस ६ ते ९२ टक्क्यांनी वाढू शकतो असे म्हटले आहे. ६ आणि ९२ यांतली दरी पाहून कोणी म्हणेल, ज्यांना एवढेही सांगता येत नाही त्यांच्या भरवशावर कोट्यवधी खर्चायचे? ही दरी मोठी आहे खरी, आणि तिचा बराचसा भाग जग किती उत्सर्जन करेल यावर ठरतो. पण त्या दरीच्या दोन्ही टोकांना आकडा वाढीचाच आहे; घट कुठेच नाही. अनिश्चितता किती वाढेल याबद्दल आहे, वाढेल की नाही याबद्दल ती नाही.

जोखमीच्या साध्या गणितातही याचे वजन दिसते. पन्नास वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाची शक्यता दर वर्षी दोन टक्के. तीस वर्षांचे गृहकर्ज काढणाऱ्याच्या वाट्याला त्या मुदतीत असा पाऊस एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के. तोच पाऊस पंचवीस वर्षांतून एकदा येऊ लागला, तर ती शक्यता ७० टक्क्यांच्या वर जाते. मंत्र्यांनी वापरलेला शब्दप्रयोग बदलला नाही, तरी त्यामागचा आकडा सरकू शकतो, आणि तो सरकला आहे का हे कळण्याचा एकमेव मार्ग म्हणजे पावसाची स्वतंत्र, सलग, तासावारी नोंद. १८६९ पासून ती नोंद ठेवणाऱ्यांना तिचा हा उपयोग ठाऊक नव्हता. बहुधा ते आरोग्याची आणि शेतीची काळजी करत होते. आज त्या नोंदीचे काम पालटले आहे. उद्याचा पाऊस किती धरायचा हे ती पूर्वीसारखे थेट सांगू शकत नाही, कारण उद्या कालसारखा असेल ही हमीच उरलेली नाही. पण काल आणि आज यांत किती अंतर पडले, हे तिच्याशिवाय दुसरे कोणी सांगू शकत नाही. म्हणून ज्या शहराला आपल्या पावसाचे खरे काय ते जाणून घ्यायचे आहे, त्याने पुरांची आणि पावसाची वही वेगळी ठेवावी, दोन्ही नागरिकांपुढे उघड्या ठेवाव्यात, आणि प्रत्येक नव्या नाल्यासोबत तो कोणत्या वर्षापर्यंतचा पाऊस धरून बांधला हे जाहीर करावे. तसे केले तर पुढच्या पुरानंतरचा वाद निदान योग्य प्रश्नापासून सुरू होईल: नाला अपुरा होता, की त्याच्यामागचा आकडा जुना झाला होता?